लघवीची आग: घरचे उपाय कुठपर्यंत पुरतात आणि कुठे थांबायचं

भर उन्हात दिवसभर पाणी कमी पडलं की लघवी गडद होते आणि आग होते. ही साधी उन्हाळी. पुरेसं पाणी पोटात गेलं की काही तासांत थांबते. पण पाणी पिऊनही आग तशीच असेल, दर पंधरा-वीस मिनिटांनी घाई होऊन जेमतेम चमचाभर लघवी होत असेल, ओटीपोट दुखत असेल, लघवी गढूळ असेल, तर मूत्राशयात जंतुसंसर्ग झाला आहे असं धरून चालावं. खाज आणि पांढरं जाणं जास्त असेल तर दुखणं बहुधा योनीमार्गाचं असतं, त्याचे उपचार वेगळे.

बहुतेक वेळा जंतू असतो ई. कोलाय. तो आपल्याच आतड्यातला. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंमी लांब, त्यामुळे त्याला वर चढायला वेळ लागत नाही. मूत्राशयात लघवी तुंबून राहिली की त्याला वाढायला सवड मिळते.

पहिले २४ तास

ताप नाही, गरोदरपण नाही, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार नाही, लघवीतून रक्त नाही, अशा एरवी निरोगी बाईने एक दिवस घरी काढायला हरकत नाही. जागेपणी दर तासाला एक पेला पाणी घ्यावं, एका दमात लिटरभर नको. घाई झाली की लगेच जावं. ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी १५ मिनिटं ठेवावी, मध्ये कापड घालून. चहा, कॉफी आणि तिखट तेवढ्यापुरतं बंद, कारण चिडलेल्या मूत्राशयाला ते आणखी डिवचतात.

जवाचं पाणी करायचं तर दोन मोठे चमचे जव धुऊन एक लिटर पाण्यात अर्धा तास मंद उकळावेत, गाळून दिवसभरात प्यावं. धण्याचं पाणी करताना एक चमचा धणे ठेचून दोन पेले पाण्यात रात्रभर भिजवावेत. दोन्हींचा खरा गुण त्यातल्या पाण्यातच आहे. जंतू मारण्याची अपेक्षा त्यांच्याकडून ठेवू नये. खायचा सोडा मात्र टाळा. त्यातलं सोडियम रक्तदाब असलेल्यांना महागात पडतं.

पुन्हा होऊ नये म्हणून

इथे पाण्याला चांगला पुरावा आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पाणी, पेयं घेणाऱ्या १४० बायका होत्या. निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. लघवी फिकट पिवळी दिसेल इतकं प्यावं. सकाळची पहिली सोडून द्या, ती गडद असतेच, आणि बी-कॉम्प्लेक्स घेत असाल तर रंगावर विसंबू नका. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी डॉक्टरांनी ठरवून दिलेलं माप ओलांडू नये.

अडचण पाण्याची नसते, स्वच्छतागृहाची असते. बाजारात, शेतात, एसटीच्या प्रवासात जागा मिळणार नाही म्हणून बायका पाणीच पीत नाहीत. घरून निघताना आणि पोहोचल्यावर लगेच जावं, मध्ये तीन-चार तासांहून जास्त रोखू नये. घाणेरड्या कमोडवर अधांतरी बसलं की ओटीपोटाखालचे स्नायू सैल होत नाहीत आणि मूत्राशय नीट रिकामं होत नाही. त्यापेक्षा भारतीय पद्धतीचा संडास बरा, किंवा सीटवर कागद टाकून पूर्ण बसा.

धुताना हात आणि पाण्याची धार पुढून मागे. जेट स्प्रे मागून पुढे मारला तर घाण नेमकी मूत्रमार्गाकडे येते. योनीमार्गात साबण, सुगंधी वॉश किंवा जंतुनाशक नको. तिथले उपयोगी जंतू मरतात आणि ई. कोलायला रान मोकळं होतं. शुक्रजंतुनाशक जेलीनेही हेच होतं, तेव्हा गर्भनिरोधनाचं दुसरं साधन निवडा. संबंधानंतर लघवीला जाण्याचा पुरावा कच्चा आहे, पण तोटा काही नाही.

क्रॅनबेरी वारंवार होणाऱ्या त्रासाला काही प्रमाणात आळा घालते, चालू संसर्ग बरा करत नाही. साखरेत घोळलेल्या वाळक्या फळांवर पैसे घालवू नका. रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेणाऱ्यांनी क्रॅनबेरी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. कोकम सरबत चवीसाठी प्यावं, क्रॅनबेरीची जागा ते घेत नाही. डी-मॅनोज या साखरेची पावडर महाग आहे, आणि २०२४ च्या मोठ्या ब्रिटिश चाचणीत तिचा फायदा दिसला नाही. पाळी गेल्यावर वारंवार त्रास होत असेल तर योनीमार्गात लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा. या वयात काढ्यांपेक्षा तिचा उपयोग कितीतरी जास्त.

डॉक्टरांकडे कधी

थंडी वाजून ताप, कुशीत किंवा पाठीत दुखणं, उलट्या: त्याच दिवशी, रात्र असली तरी. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो. गरोदर बाईने २४ तासही थांबू नये. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झालं तर तपासणी हवीच.

अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी लघवीचं कल्चर, म्हणजे जंतू कोणता हे शोधणारी तपासणी, द्या. आधी थोडी लघवी सोडून मधली धार लॅबच्या निर्जंतुक डबीत धरा आणि दोन तासांत पोहोचवा, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवा. घरात उरलेल्या जुन्या गोळ्या घेऊ नका. नायट्रोफ्युरँटॉइन हे या संसर्गावरचं अँटिबायोटिक चालू असताना आग थांबवणारं अल्कलाइझर सिरप स्वतःहून घेऊ नका. लघवी अल्कधर्मी झाली की त्या औषधाचा जोर कमी होतो.