निघण्याआधीचे पाच आठवडे

परवा कलाभवनातला, म्हणजे वडोदऱ्याच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजातला एक ज्युनियर दांडिया बाजारात आमच्या घरी आला होता. जर्मनीत सहा महिन्यांची इंटर्नशिप मिळाली आहे त्याला. "ताई, जाताना काय काय नेऊ?" आईने चिवडा-भाकरवडीपासून सुरुवात केली, मी व्हिसा, विमा, थंडीचे कपडे हे सगळं सांगितलं. तो गेल्यावर लक्षात आलं, परत येताना काय करायचं हे त्याने विचारलंच नाही. मीही जाण्याआधी कुणाला विचारलं नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे.

मी स्टुटगार्टजवळ पंप बनवणाऱ्या एका कंपनीत होते. काम टेस्ट बेंचवर. पंप चालवायचा, आत येणाऱ्या पाण्याचा दाब हळूहळू कमी करायचा आणि प्रवाह, दाब, तापमान नोंदवायचं. आत येताना दाब फार उतरला की पाण्यात वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि पुढे जास्त दाबाच्या जागी पोचताच फुटतात. याला कॅव्हिटेशन म्हणतात. पुस्तकात ते मी कितीदा वाचलं होतं, पण कानाने ऐकलं तिथेच. पंपात कुणी मूठभर खडी टाकल्यासारखा आवाज येतो.

निघायला पाच आठवडे उरले तेव्हा माझ्या गाइडने विचारलं, "तू गेल्यावर हे कोण चालवेल, आणि कशावरून?" मी फाइल दाखवली. आकडे सगळे नीट होते. पण काही ठिकाणी वाचन विचित्र होतं आणि त्याचं कारण फाइलमध्ये कुठेच नव्हतं. ते माझ्या वहीत होतं, पेन्सिलीने, घाईत, मराठीत. "खडी." "खडी सुरू, हलकी." "आज खडी लवकर." घाईत हात आपल्याच भाषेत चालतो, त्यात गैर काही नाही. पण मी निघाले की ती वही माझ्याबरोबर वडोदऱ्याला येणार होती आणि सहा महिन्यांत जे खरं कळलं होतं तेही तिच्याबरोबर निघून जाणार होतं.

पुढचे दोन आठवडे मी जवळजवळ हेच केलं. प्रत्येक 'खडी' शोधली, तिच्या वेळेचे आकडे समोर ठेवले, आवाज कसा होता ते इंग्रजीत लिहिलं, बेंचवरच्या मेस्त्रींकडून जर्मन तपासून घेतलं. जमलं नाही ते प्रयोगही लिहिले, कारण पुढचा माणूस नाहीतर तेच पुन्हा करत बसतो. तुम्ही हे पहिल्या आठवड्यापासून करा. माझ्या मते इंटर्नशिपमध्ये यापेक्षा मोलाचं काम नाही.

दुसरी गोष्ट त्सॉयग्निसची, म्हणजे कंपनीच्या लेखी दाखल्याची. तो महिनाभर आधी मागा, आणि कामाबद्दल व वागणुकीबद्दल शेरा असलेलाच मागा. नाहीतर तारखा आणि कामाचं नाव एवढंच हातात येऊ शकतं. या दाखल्याची भाषा वेगळी असते. 'त्यांच्या कामाने आमचं समाधान झालं' हे आपल्याला कौतुक वाटतं, पण तिथे तो जेमतेम पासचा शेरा आहे. उत्तम म्हणायचं असेल तर 'श्टेट्स' म्हणजे नेहमी आणि 'फॉलस्टन' म्हणजे अगदी पुरेपूर, असे दोन्ही शब्द समाधानाच्या आधी यावे लागतात. 'प्रयत्न केला' असं लिहिलं तर समजावं की जमलं नाही. मसुदा हातात आला की जर्मन येणाऱ्या ओळखीच्या माणसाला दाखवा. मी दाखवला, एक शब्द राहिला होता. विचारल्यावर त्यांनी लगेच घातला.

बाकीची कामं छोटी, पण क्रमाने करायची. देश सोडताना महापालिकेच्या कचेरीत नोंदणी रद्द करायची, तिला आबमेल्डुंग म्हणतात. निघण्याच्या आठवडाभर आधीपासून ती करता येते. तिचा कागद जपून ठेवा. मोबाइलचा करार आणि रेडिओ-टीव्हीची वर्गणी बंद करताना तो उपयोगी पडतो. बँकेचं खातं मात्र खोलीची अनामत परत येईपर्यंत बंद करू नका, ती यायला काही महिनेही लागू शकतात. खोलीत पाऊल टाकल्या दिवशीच भिंती, फरशी, नळ यांचे फोटो काढा. घरमालकीणबाईंनी फरशीवरचा एक ओरखडा दाखवला तेव्हा पहिल्या दिवशीचा फोटो मी समोर ठेवला आणि विषय तिथेच संपला.

आणि हो, तिथे निरोपाचा केक जाणाऱ्यानेच आणायचा असतो. आपल्याकडे निरोप समारंभ इतरांनी करायचा, त्यामुळे हे कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. मी सुक्या खोबऱ्याच्या किसाच्या वड्या केल्या. आजीसारखा पाक जमला नाही, थोड्या मऊ राहिल्या, पण ताट रिकामं झालं.

माझ्या जागी येणारी मुलगी त्याच दिवशी रुजू झाली होती. वड्या खाऊन झाल्यावर मेस्त्री तिला बेंचजवळ घेऊन गेले, पंप सुरू केला आणि व्हॉल्व्ह सावकाश आवळू लागले. मी दारात उभी होते. आवाज बदलला तसं त्यांनी बोट वर केलं आणि तिला म्हणाले, "ऐक. खडी."