बोली जिंकून पैसे न देणाऱ्या गिऱ्हाइकाचं काय करायचं?

मोंढ्यात सौदा निघतो तेव्हा बोली लावणारा समोर उभा असतो. त्याचं दुकान कुठलं, मागच्या हंगामात त्यानं कुणाचे पैसे लटकवले, हे सगळ्या आडत्यांना पाठ असतं. ऑनलाइन लिलावात यातलं काहीच नाही. रात्री साडेनऊला कुणीतरी अंगठ्यानं आकडा टाकतो, आणि सकाळी तोच माणूस फोन उचलत नाही.

मी परभणीत बसून जुनी नाणी विकतो, बहुतेक निजामाच्या राज्यातली. आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत मूठभर हाली रुपये निघाले आणि नाद लागला. (इंग्रजांचा रुपया तो कलदार, निजामाचा तो हाली, सात हाली मोजले की सहा कलदार मिळत.) विक्री व्हॉट्सॲपच्या गटांवर आणि थोडीफार ईबेवर. अधूनमधून एखादा सौदा बुडतोच. तेव्हा काय करायचं ते खाली लिहितो, पण निम्मं काम बोली सुरू होण्याआधीचं आहे.

बोलीआधी अटी लिहा

चार ओळी पुरतात. माझ्या अशा असतात: "बोली रात्री १० वाजता बंद. पैसे २४ तासांत. टपालखर्च वेगळा. ४८ तासांत पैसे न आल्यास नाणं पुढच्या बोलीला." वेळ आकड्यात लिहा. "लवकर पैसे द्यावेत" या वाक्याला काही अर्थ नाही. लवकर म्हणजे कुणाला संध्याकाळ वाटते, कुणाला दिवाळी.

आणि वस्तूचे फोटो नीट काढा. हे मी ठेच खाऊन शिकलो. शेवटचे निजाम उस्मान अली खान यांच्या रुपयावर चारमिनार असतो आणि त्याच्या कमानीत 'ऐन' हे उर्दू अक्षर. काही नाण्यांवर ते आखूड असतं, काहींवर पूर्ण, आणि नाणी जमवणारे त्यावरूनच किंमत ठरवतात. हिजरी १३६१ चा, म्हणजे १९४२ च्या सुमाराचा एक रुपया मी ट्यूबलाइटखाली धरून टिपला. कमानीवर नेमकी चमक पडली. एकानं २,१०० ची बोली लावली, जिंकला, आणि गप्प झाला. तीन दिवसांनी निरोप आला, "सोयाबीन विकलं की देतो." जुलै महिना होता. सोयाबीन अजून गुडघ्याला आलं नव्हतं.

चिडून फोन लावला. मग कळलं, त्याला ते अक्षर वेगळं वाटलं होतं, जवळचा फोटो मागवल्यावर चूक कळली आणि सांगायची लाज वाटली. मी सौदा मोडला. फोटो माझाच वाईट होता.

आधी विचारा, मग दम द्या

मुदत संपली की त्याच दिवशी एक साधा निरोप: "दादा, काल रात्रीचं नाणं तुमच्या नावावर बाजूला ठेवलंय. पैसे आज जमतील का? काही अडचण असेल तर मोकळेपणानं सांगा." पगार व्हायचाय, बँकेचा सर्व्हर बंद होता, बायकोनं आकडा पाहिला: बहुतेक कारणं अशीच निघतात. मुदत मागितली तर एकदा द्या, तारीख ठरवून द्या. दुसऱ्यांदा देऊ नका. एकदा तर बोली लावणारा नववीतला मुलगा निघाला, वडिलांच्या फोनवरून. अल्पवयीनाशी करार होतच नाही; तिथं हसून विषय संपवायचा.

पुन्हा विकण्याआधी लेखी कळवा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. माल विक्री कायदा १९३० चा आहे, आणि त्याचं कलम ५४ आपल्या कामाचं आहे. माल तुमच्याच ताब्यात आहे, पैसे आलेले नाहीत, तर फेरविक्री करणार असल्याची सूचना गिऱ्हाइकाला द्यायची. वाजवी वेळेत त्यानं पैसे दिले नाहीत तर माल दुसऱ्याला विकता येतो, आणि तोटा झाला तर तो पहिल्याकडून मागता येतो. सूचना न देता विकलात तर तोटा मागायचा हक्क जातो, आणि जास्त किंमत आली तर वरच्या रकमेवर त्याचाच हक्क! म्हणून दोन ओळी लिहाच: "शुक्रवारी संध्याकाळी ६ पर्यंत पैसे आले नाहीत तर नाणं दुसऱ्याला विकेन." निरोप पोचल्याचा स्क्रीनशॉट ठेवा. दोन हजारांसाठी कोर्टाची पायरी चढू नका, वकिलाची फीच जास्त होईल.

दुसऱ्या बोलीवाल्याकडे जाताना

सरळ "तुमच्या शेवटच्या बोलीला घेता का?" असं विचारलं की त्याच्या मनात पाल चुकचुकते: यानं घरचाच माणूस उभा करून भाव चढवला तर नसेल? संशय रास्त आहे. मी पहिल्याला पाठवलेली सूचना त्याचं नाव-नंबर झाकून दाखवतो. बुडव्यानं एकट्यानंच भाव फुगवला असेल, तर तो मैदानात उतरण्याआधीच्या आकड्याला नाणं देतो. शंभर-दोनशे कमी येतात, पण तो माणूस पुढच्या लिलावाला पुन्हा येतो.

ईबेवर असाल तर

तिथं गिऱ्हाइकाला पैसे द्यायला चार दिवस असतात. तोवर थांबा. पाचव्या दिवसापासून 'खरेदीदारानं पैसे दिले नाहीत' हेच कारण निवडून ऑर्डर रद्द करा. चुकून दुसरं कारण निवडलंत तर नोंद त्याच्या नावावर जात नाही. बरोबर निवडलंत की विक्रीवरचं कमिशन परत जमा होतं. मग 'सेकंड चान्स ऑफर'नं खालच्या बोलीवाल्याला त्याच्या सर्वांत मोठ्या बोलीला वस्तू देऊ करता येते. पैसे बुडवल्याच्या नोंदी असलेल्यांना आधीच अडवण्याची सोय सेटिंगमध्ये आहे, ती चालू करून ठेवा. परदेशी गिऱ्हाईक भेटलं म्हणून हुरळून मात्र जाऊ नका: शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं आणि देशाबाहेर पाठवता येत नाही.

पैसे दिल्याचं सोंग

न देणाऱ्यापेक्षा असं सोंग करणारा महाग पडतो. हिरवी टिक असलेला स्क्रीनशॉट येतो, मागोमाग "पार्सल आजच टाका, उद्या गावाला चाललोय." असा स्क्रीनशॉट कुणीही बनवतं. बँकेचं ॲप उघडून शिल्लक वाढलेली डोळ्यांनी बघा, मगच पाकीट चिकटवा. "पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका" म्हणणारा हमखास चोर. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. चुकून टाकलात तर त्याच मिनिटाला सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर, १९३० वर, फोन लावा.

यादी ठेवा, दवंडी नको

बुडव्याचा नंबर आणि तारीख मी वहीत लिहितो, गटाच्या ॲडमिनला खासगीत कळवतो. गटावर फोटोसकट नाव टाकायचा मोह होतो, पण त्यातून भांडण वाढतं आणि बदनामीची तक्रार आपल्यावरच येऊ शकते. तो २,१०० वाला माझ्या वहीत नाही. गेल्या महिन्यात त्यानं एक तांब्याचं नाणं घेतलं आणि पैसे दहा मिनिटांत पाठवले. त्याआधी जवळून काढलेले चार फोटो मागितले होते.