मेमरिस्टरवर प्रोजेक्ट घेताय? मग माझी जळलेली सॅम्पल्स बघा

एमेस्सी इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला मी मेमरिस्टर घेतला कारण नाव भारी वाटलं, खोटं कशाला बोलू. रेझिस्टर, कपॅसिटर, इंडक्टर हे आपण बारावीपासून घोकतोय, सर्किटचा असा चौथा मूळ घटकही, म्हणजे मेमरिस्टर, असायला हवा हे लिऑन चुआ यांनी 1971 मध्येच गणितावरून मांडलं होतं आणि 2008 ला एचपी लॅब्जमधल्या स्टॅन्ली विल्यम्स यांच्या टीमने टायटॅनियम डायॉक्साइडच्या पातळ थरात तो सापडल्याचं 'नेचर'मध्ये छापलं. आतून किती चार्ज गेला त्यावर याचा रेझिस्टन्स ठरतो आणि सप्लाय बंद केला तरी तो तसाच राहतो, बास एवढंच.

आता लॅबमधली गोष्ट. कंडक्टिंग काचेवर ऑक्साइडचा थर, वर सिल्व्हर पेस्टचा ठिपका, त्यावर प्रोब टेकवायचा आणि सोर्समीटरने (व्होल्टेज देऊन करंट मोजणारं यंत्र) व्होल्टेज वरखाली फिरवायचं. मी कंप्लायन्स, म्हणजे करंटची लिमिट, लावायलाच विसरलो. सॅम्पल कायमचं शॉर्ट, मल्टिमीटर लावला तर नुसती तार! तीन ठिपके असेच घालवल्यावर एकदाचा तो आडव्या पडलेल्या 8 सारखा, शून्यावर चिमटलेला करंट-व्होल्टेजचा लूप स्क्रीनवर आला, लय खूश झालो, आणि शेजारच्या ठिपक्यावर गेलो तर भलताच आकडा. खरं दुखणं हेच आहे, एक डिव्हाइस चालतं पण लाखभर सारखी चालत नाहीत. एचपीने हायनिक्स या कोरियन मेमरी कंपनीबरोबर 2013 पर्यंत मेमरिस्टरची मेमरी बाजारात आणायचं म्हटलं होतं, ती काही आली नाही. पॅनासोनिकने त्याच वर्षी रेरॅम (रेझिस्टन्स बदलून डेटा साठवणारी मेमरी) असलेले मायक्रोकंट्रोलर काढले, पण रेरॅमला मेमरिस्टर म्हणायचं की नाही यावरच लोक भांडतात (मी त्यात पडत नाही).

एआयसाठी मात्र मला आशा वाटते. जाळीत मेमरिस्टर मांडले की एआयला लागणारा गुणाकार ओहमच्या नियमाने आपोआप होतो आणि बेरीज किरचॉफच्या, डेटा मेमरीतून प्रोसेसरकडे सारखा ने-आण करायची कटकटच नाही. बेंगळुरूच्या आयआयएससीने 2024 मध्ये एका मॉलिक्युलर फिल्ममध्ये साडेसोळा हजाराच्या आसपास रेझिस्टन्सच्या वेगवेगळ्या लेव्हल्स दाखवल्या. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठातही यावर काम चालतं, तिकडच्या पोरांना लांब जायची गरज नाही.

नोकरीचं म्हणाल तर 'मेमरिस्टर इंजिनिअर पाहिजे' अशी जाहिरात मी अजून बघितली नाही. इंटरव्ह्यूमध्ये मला विचारलं काय, तर किती सॅम्पल मोजली, लीकेज (नको तिथून गळणारा करंट) कशाने वाढलं, पायथनमध्ये डेटा प्लॉट केला का. मी आज चिप टेस्टिंगमध्ये आहे ते त्या उत्तरांमुळे. म्हणून एका सुंदर ग्राफवर थांबू नका, पन्नास ठिपके मोजा, बिघडलेलेही वहीत लिहा, जमलं तर व्हेरिलॉग-ए मध्ये (डिव्हाइसचं वागणं लिहायची भाषा) मॉडेल करा. आणि कंप्लायन्स किती ठेवायचा विचाराल तर शॉर्ट झाल्यावर मी 1 मिलिअँपिअरपासून सुरू केलं होतं, अजून कमीपासून करायला हवं होतं.