कोणता कान उघडा ठेवायचा?

कोल्हापुरात मंगळवार पेठेत माझं शिवणकाम आहे. ब्लाउज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश, मधूनच कुणाचे पडदे. दिवसभर मशीनवर बसायचं म्हणजे कानाला काहीतरी सोबत लागते, आणि दोन्ही कानांत इअरबड घालून बसलं तर कुकरच्या शिट्ट्या, दारातलं गिऱ्हाईक आणि गॅसवाला तिन्ही हुकतात. म्हणून मी एकाच कानात बड घालते. येणारी जाणारी विचारतात, "वैनी, एकच का? दुसरा बिघडलाय काय?" प्रत्येकीला मापं घेता घेता थोडं थोडं सांगण्यापेक्षा एकदा बैजवार लिहूनच टाकते.

बहुतेकांची सुरुवातच उलटी होते. बडची चार्जिंगची डबी उघडायची, हाताला येईल तो बड उचलायचा आणि सवयीच्या कानात ढकलायचा. माझं म्हणणं, आधी बघा कोणत्या बाजूनं काय ऐकू यायला पाहिजे. तो कान मोकळा सोडा. उरलेल्या कानात बड.

माझ्या मशीनचंच घ्या. चाक आणि मोटर उजवीकडं, सुई डावीकडं, आणि दारही डावीकडं. म्हणजे बड उजव्या कानात. मोटरची घरघर तेवढीच कमी होते आणि डावा कान सुईला आणि दाराला मोकळा राहतो. सुईला कान कशाला, असं वाटेल. पण शिवणारीला विचारा. धारदार सुई कापडात शिरते तिचा आवाज एकसारखा असतो. बोथट झाली की प्रत्येक टाक्याला बारीक 'टक' येतो, जरीच्या काठावर तर स्पष्टच. तिथंच थांबून सुई बदलली तर काठ वाचतो, नाहीतर धागे ओढले जातात आणि बाईला तोंड दाखवायची सोय राहत नाही. खाली बॉबिनपाशी दोऱ्याचा गुंता व्हायला लागला की मशीन जड, दबक्या आवाजात चालतं. डोळे टाक्यावर असतात, त्यामुळे ही खबर आधी कानालाच लागते. दोन्ही कानांत गाणी असतील तर ती लागतच नाही. आणि मशीनवर वायरवाला इअरफोन अजिबात नको. लोंबती वायर चाकाच्या पट्ट्यात गेली की मान खाली ओढली जाते, आणि खाली सुई चालू असते.

रस्त्यावर हिशेब आणखी सोपा. रस्त्याकडचा कान उघडा, भिंतीकडच्या कानात बड. डाव्या कडेनं चालत असाल तर गाड्या उजवीकडून येतात, उजवा कान मोकळा. फुटपाथ नसेल तिथं समोरून येणारी गाडी दिसावी म्हणून उजव्या कडेनं चालतात, तेव्हा डावा मोकळा. आपल्याकडं उलट्या बाजूनं घुसणारे दुचाकीवाले पाठीमागूनही येतात, त्यांच्यासाठीही तोच कान लागतो. रंकाळा तलावावर पाणी उजव्या हाताला ठेवून चालत असाल तर बड उजव्या कानात, परत फिरलात की डाव्या. एक बड कानात आणि दुसरा डबीत असला की ही अदलाबदल दोन मिनिटांचंही काम नाही. शिवाय डबीतला चार्ज होत असतो, त्यामुळे आलटून पालटून वापरले तर दिवस निघतो.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण 'एक कान उघडा आहे की, मग कसली भीती' असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. एका कानानं आवाज ऐकू येतो, पण कुठून येतोय ते धड कळत नाही. दिशा कळते ती दोन कानांतल्या फरकावरून. उजवीकडचा हॉर्न उजव्या कानात आधी पोचतो, डाव्यात किंचित उशिरा, आणि मध्ये डोकं आड आल्यामुळं थोडा बारीक होऊन. हा उशीर सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी असतो, तरी मेंदू तेवढ्यावरून दिशा काढतो. एक कान झाकला की हा हिशेब कोलमडतो.

खात्री करायची असेल तर घरी करून बघा. एका कानात बड घालून बारीक आवाजात काहीतरी लावा, डोळे मिटा, आणि पोराला सांगा, खोलीभर फिरून किल्ल्या वाजव. प्रत्येक वेळी बोट दाखवायचं. माझ्या पोरानं हा खेळ मांडला तेव्हा शेजारच्या काकी चक्क देव्हाऱ्याकडं बोट दाखवत होत्या आणि किल्ल्या त्यांच्या पाठीमागं वाजत होत्या. पोरगं हसून हसून लोळलं.

म्हणून रस्त्यावरचा नियम असा: हॉर्न ऐकला की पाय हलवायचा नाही. आधी मान फिरवायची. मान फिरवली की उघड्या कानाला आवाज कमी-जास्त होताना कळतो आणि डोळेही कामाला लागतात, मग कुठं सरकायचं ते ठरवा. न बघता बाजूला उडी मारणारं माणूस पुष्कळदा गाडीच्याच बाजूला उडी मारतं.

आणि ज्याचा आवाजच येत नाही त्याचं काय? विजेवरच्या स्कूटी गल्लीत हळू येतात तेव्हा टायरची सळसळ सोडली तर काही नाही. रस्ता ओलांडताना म्हणूनच कानावर विश्वास शून्य, गाणं बंद. उसाच्या हंगामात फुलेवाडीच्या बाजूला जात असाल तर आणखी एक. ट्रॅक्टरवाल्याची गाणी चौकापलीकडून ऐकू येतात, त्याबद्दल वाद नाही. पण आवाज सगळा पुढच्या ट्रॅक्टरचा. तो समोरून गेला, आवाज पुढं सरकला, की आपल्याला वाटतं मोकळं झालं; आणि मागं दोन ट्रॉल्या अजून यायच्या असतात, बाहेर आलेल्या उसासकट. शेवटची ट्रॉली डोळ्यांनी गेलेली बघितल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही.

आता फोनची सेटिंग. गाणं स्टिरिओत असतं म्हणजे डाव्या आणि उजव्या कानाला वेगवेगळा भाग येतो. एकच बड घातला की अर्धं गाणं जातं. तबला आहे तर बासरी गायब. काही बड एकटे वापरले की आपोआप दोन्ही भाग एकत्र करतात, सगळे करत नाहीत. फोनमध्येच 'मोनो ऑडिओ' चालू करून ठेवा म्हणजे प्रश्न मिटला. अँड्रॉइडवर सेटिंग्ज, मग ॲक्सेसिबिलिटी. त्यात कंपनीप्रमाणं ऑडिओ किंवा हिअरिंग असं काहीतरी असतं. सापडत नसेल तर सेटिंग्जमध्ये वर शोधायची जागा असते तिथं 'मोनो' टाका. आयफोनवर ॲक्सेसिबिलिटीतच ऑडिओचा भाग आहे. तिथं डावं-उजवं करणारी पट्टी दिसते, ती मधोमध असू द्या. घरी स्पीकरला किंवा दोन्ही बड लावून निवांत ऐकायला बसलात की मात्र मोनो बंद करा, नाहीतर गाणं चपटं लागतं.

कीर्तन, व्याख्यान, बातम्या, फोनवरचं बोलणं यात मोनोनं काहीच बिघडत नाही. आणि १९५०-६०च्या काळातली जुनी भावगीतं मुळात मोनोतच रेकॉर्ड झालेली, त्यामुळे एका कानानं ऐकलीत तरी कवितेतला शब्द किंवा सतारीतला सूर गळत नाही. माझी आवड तीच असल्यामुळं माझं आयतंच भागलं.

बड कोणता घ्यायचा? रबरी टोपीचा कान घट्ट बंद करतो. त्यात चालायला लागलं की बंद कानात आपलीच पावलं धप धप ऐकू येतात, खाल्लं की चावण्याचा आवाज, बोललं की डोक्यात घुमतं. कान बंद झाला की हाडांतून येणारा आवाज आत कोंडतो, त्याचा हा प्रकार. बाहेर वापरायला बिनटोपीचा, कानाच्या तोंडावर नुसता टेकणारा बरा. त्याच्या कडेनं बाहेरचाही आवाज आत येतो. बाहेरचा आवाज मारणारं नॉइज कॅन्सलिंग असेल तर रस्त्यावर बंद. बाहेरचं माइकमधून ऐकवणारी ट्रान्स्परन्सी असेल तर ती चालू, पण तिच्या भरवशावर दोन्ही कानांत घालू नका. वारा सुटला की त्या माइकमध्ये फक्त फडफड येते. फक्त फोन आणि बोलणं ऐकायचं असेल तर एका कानाचा, कानामागं अडकवायचा आकडा असलेला जुन्या धाटणीचा ब्लूटूथ अजून मिळतो. दिसायला रिक्षावाल्या मामांसारखा दिसतो, पण पडत नाही.

टॅपचं एक बघून घ्या. पुष्कळ बडमध्ये डाव्यावर टिचकी मारली तर मागचं गाणं आणि उजव्यावर मारली तर पुढचं, असं असतं. ॲपमध्ये जाऊन दोन्हीवर एकच काम लावा: थांबवणं. कोणीही हाक मारली तर बोट न शोधता गेलं पाहिजे.

आवाज किती ठेवायचा याला माझी एक चाचणी आहे, आणि ती फक्त कोल्हापुरातच जमेल. पायात कोल्हापुरी घाला. गल्लीत चालताना चपलेची करकर ऐकू आली पाहिजे. ती बुडाली की आवाज जास्त झालाय. साधी चप्पल असेल तर घरातल्या कुणाला पलीकडच्या खोलीतून रोजच्या आवाजात हाक मारायला सांगा. पहिल्या हाकेला ओ देता आली पाहिजे.

एका कानानं ऐकताना आवाज वाढवायचा मोह जास्त होतो. तोच आवाज दोन्ही कानांनी ऐकला तर मोठा वाटतो, एकानं ऐकला तर बारीक, म्हणून बोट आपोआप वर जातं आणि सगळा मार त्या एका कानाला बसतो. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब सांगते: आवाज ८० डेसिबल असेल तर आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकलेलं चालतं, आणि ९० डेसिबल झालं की फक्त ४ तास. मिरजकर तिकटीला गर्दीत ऐकू येत नाही म्हणून वाढवलेला आवाज गल्लीत शिरल्यावर कोण कमी करतं? त्यापेक्षा गर्दीत बंदच करावा. फोनमध्ये आवाजाला वरची मर्यादा घालता येते तीही घालून ठेवा. गणपतीत डॉल्बीसमोरून जाताना बड काढा. त्यावर ऐकू येईल एवढा आवाज चढवायचा म्हणजे कानाशी वैर आहे.

काय ऐकता यावरही आहे. पाठ असलेलं भजन कानात असलं तरी लक्ष रस्त्यावर राहतं. रहस्यकथा, मॅचची कॉमेंट्री किंवा जावेचा फोन असला की दोन्ही कान उघडे असूनही उपयोग नाही. फोन आला की मी दुकानाच्या पायरीशी थांबते, बोलणं संपवते, मग पुढं.

केएमटीच्या बसमध्ये खिडकीकडच्या कानात बड, आतला कान कंडक्टरला. महाद्वार रोडवर अस्तराचं मॅचिंग करताना बड सरळ काढून डबीत. गाणं बंद असलं तरी समोरच्याला वाटतं ही ऐकत नाही, आणि मग भाव कमी होत नाही तो नाहीच. उलट एकटीनं चालताना कुणी उगाच बोलायला येऊ नये म्हणून काहीही न लावता नुसता बड घालून ठेवणाऱ्या पोरी मला माहीत आहेत. ती युक्ती मला पटते.

गाडी चालवताना मात्र नाही. एकही नाही, पत्ता ऐकायलाही नाही. हेल्मेट किंवा तोंडाला गुंडाळलेला स्कार्फ आधीच कान झाकतो, वरून एक बुजवला तर उरलं काय? चालतानासुद्धा स्कार्फ उघड्या कानावरून मागं घ्या. रात्री कुत्र्यांच्या गल्लीतून जाताना मी बड काढते.

आणि ज्यांना एका कानानं मुळातच कमी येतं त्यांनी हा उद्योग रस्त्यावर करू नये. चांगल्या कानात घातला तर दुसरा कान असून नसल्यासारखा, आणि कमी ऐकू येणाऱ्या कानात घातला तर आवाज भलताच चढवावा लागतो. आमच्या सासूबाईंना हरिपाठ लागतो, त्यांच्यासाठी खाटेशेजारी छोटा स्पीकर ठेवलाय.

पावसाळ्यात बड ओल्या कानात घालू नका. रोज कोरड्या फडक्यानं पुसा, आणि कान खाजायला लागला की काही दिवस सुट्टी द्या. कुणाचा मागून घेऊ नका, देऊही नका.

राहिला डबीचा प्रश्न. पर्समध्ये टाकली की गर्दीत शोधताना दुसरा बड गटारात जातो. ड्रेस शिवायला टाकताना शिंप्याला सांगून उजव्या शिवणीत आतून खिसा करून घ्या: डबीच्या रुंदीपेक्षा दीड इंच जास्त, खोली साधारण चार इंच, तोंडाला टिचबटण. अस्तराच्या उरलेल्या तुकड्यात होतो. माझ्याकडं ड्रेस टाकलात तर त्याचे वेगळे पैसे घेत नाही.