क्विक-रिलीज स्टेअरिंग बसवताय? नुसतं ‘टक्’ ऐकून फसू नका

क्विक-रिलीज म्हणजे कॉलर (बाहेरची कडी) ओढून स्टेअरिंगचं चाक झटकन काढता-घालता येणारा सांधा. मूळ गाडीत स्टेअरिंग कॉलमच्या दांड्यावर हे चाक आणि वर एक नट, एवढाच मामला असतो. क्विक-रिलीज घातलं की त्याच जागी दांडा, बॉस किट (दांड्यावर बसणारा जोडतुकडा, म्हणजे बॉस), क्विक-रिलीजचा खालचा भाग, वरचा भाग आणि मग चाक अशी उतरंड होते. एका सांध्याचे चार सांधे झाले, आणि कोकणातल्या खाऱ्या हवेला शिरायला चार फटी. चाक हातात हलायला लागलं की शिव्या क्विक-रिलीजला बसतात. दोष पुष्कळदा उरलेल्या तीन सांध्यांत असतो.

एअरबॅग असेल तर इथेच थांबा

१ जुलै २०१९ पासून आपल्याकडे प्रत्येक नव्या कारला चालकाची एअरबॅग सक्तीची आहे, आणि त्याआधीच्याही बऱ्याच गाड्यांत ती आहे. अशा गाडीचं चाक काढलं की एअरबॅगही गेली. मग डॅशबोर्डवरचा दिवा विझवायला कनेक्टरमध्ये दोन-तीन ओहमचा रेझिस्टर घालून देणारे भेटतात. दिवा विझतो, पण कंप्युटरला खोटं सांगितलेलं असतं, एवढंच. शिवाय स्टेअरिंग किती वळलंय ते मोजणारा अँगल सेन्सर क्लॉक स्प्रिंगजवळ (चाकामागच्या गुंडाळलेल्या तारेच्या पट्टीजवळ) असलेल्या गाडीत ती पट्टी हलली की ईएससीचाही, म्हणजे गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचाही, दिवा लागतो.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेतल्या बदलांना आडकाठी करतं, आणि कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून पुढचं सगळं एअरबॅग नसलेल्या जुन्या मारुती ८०० किंवा जिप्सीसारख्या, मैदानात आणि ऑटोक्रॉसला (मोकळ्या मैदानातल्या वेळेच्या शर्यतीला) पळणाऱ्या गाडीसाठी आहे. मुंबई-गोवा हायवेवर मिरवायला हा प्रकार नाही. स्पर्धेत उतरणार असाल तर खरेदीआधी नियमपुस्तिका बघा. एफआयए या जागतिक मोटारस्पोर्ट संस्थेच्या नियमात क्विक-रिलीजची कॉलर पिवळी आणि चाकाच्या मागच्या बाजूला लागते, आणि ती अक्षाच्या दिशेने ओढूनच सुटली पाहिजे. बाजारात लाल-निळ्या कॉलरी ढिगाने मिळतात, म्हणून आधीच सांगितलेलं बरं.

‘सगळ्यांना बसतं’ असं लिहिलेलं बॉस किट

असं काही नसतं. दांड्यावरच्या दात्यांची संख्या आणि जाडी गाडीगणिक बदलते; एकाच मॉडेलमध्ये साधं आणि पॉवर स्टेअरिंग यांचे दांडेही वेगळे असू शकतात. बरोबर बॉस हाताने सरकवला की दात्यांवर सरळ जातो. अडला तर हातोडा घेऊ नका. धडकेत कॉलम आत दबावा म्हणून अनेक गाड्यांत त्यात प्लॅस्टिकच्या पिना असतात, त्या ठोक्याने तुटतात आणि कॉलम कायमचा ढिला होतो.

चाकाच्या सहा भोकांचं वर्तुळही मोजा. मोमो, स्पार्को, ओएमपी यांचं ७० मिमी, नार्डी आणि पर्सनल यांचं ७४ मिमी. समोरासमोरच्या भोकांचं केंद्र ते केंद्र अंतर मोजलं की झालं. कॅलिपर तिथे पोचत नसेल तर शेजारशेजारच्या दोन भोकांतलं अंतर घ्या: ३५ भरलं तर ७०, ३७ भरलं तर ७४. दोन्हीला चालावं म्हणून लांबट भोकं पाडलेला अॅडॉप्टर घेऊ नका, आणि कानशीने भोकं वाढवण्याच्या फंदातही पडू नका. स्क्रू कितीही आवळला तरी लांबट भोकात तो सरकायची जागा शोधतोच.

जुनं चाक उतरवताना

पुढची चाकं सरळ ठेवा, बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, दांडा आणि चाक यांच्यावर पेंट मार्करने एक सलग रेघ मारा. मग नट ढिला करा, पण दोन-तीन आट्यांवर राहू द्या. दोन्ही हातांनी हिसके देताना अडकलेलं चाक अचानक सुटतं, आणि नट नसला की थेट दातांवर येतं. पुरात बुडालेल्या गाडीचं चाक हिसक्यांना सहसा दाद देत नाही, तिथे पुलरच (चाक ओढून काढायचं अवजार) लागतो. चिपळूणच्या जुलै २०२१ च्या पुरातून वाचलेली जुनी गाडी असेल तर दाते पितळी ब्रशने साफ करून नीट बघा. खड्डे पडलेल्या दात्यांवर नवा बॉस कधीच घट्ट बसत नाही.

नवा बॉस रेघेला लावून बसवा. ३६ दाते असतील तर एक दाता चुकला की चाक १० अंश तिरकं. ते सरळ करायला कुणी अलाइनमेंटवाल्याकडे टाय रॉड (पुढची चाकं वळवणारे दांडे) फिरवत बसतो. वास्तविक नट काढून बॉस एक दाता सरकवायचा असतो.

नट आणि सहा स्क्रू

नट गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्याला, टॉर्क रेंचनेच (किती जोराने आवळलं ते दाखवणाऱ्या पान्यानेच) आवळा. बहुतेक छोट्या गाड्यांत तो ३५ ते ५० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. आवळल्यावर नटाच्या वर दांड्याचे एक-दोन आटे दिसायला हवेत. दिसत नसतील तर बॉस पूर्ण बसलेला नाही, किंवा तो चुकीचा आहे.

खरी गंमत एम-५ (५ मिमी जाडीच्या) स्क्रूंची आहे. बॉस अॅल्युमिनियमचा, स्क्रू पोलादाचा. किमान ८ मिमी आटे आत जायला हवेत. तीन आट्यांवर धरलेला स्क्रू पहिल्या खड्ड्याला नाही तर दहाव्याला आटे घेऊन बाहेर येतो. फार लांब स्क्रूचं टोक क्विक-रिलीजच्या आत निघतं, कॉलरला अडतं, मग कॉलर अर्धीच सरकते. वरून ‘टक्’ वाजतं आणि आत चाक अडकवून धरणाऱ्या पोलादी गोळ्या खाचेत पूर्ण उतरलेल्या नसतात. यापेक्षा धोकादायक चूक या कामात नाही.

सहाही स्क्रू आधी हाताने लावा, मग समोरासमोर जोडीने ५-६ न्यूटन-मीटरला आवळा. आट्यांवर मध्यम ताकदीचं निळं लॉकटाईट (आटे पकडून ठेवणारा गोंद), एकेक थेंब. लाल नको, कारण ते सोडवायला गरम करावं लागतं. लॉकटाईट आट्यांतली फट भरून दमटपणाही अडवतं, आणि आपल्याकडे अॅल्युमिनियम-स्टीलच्या जोडीला त्याचीच गरज असते. पहिल्या ५०-१०० किमीनंतर सगळं पुन्हा तपासा. एखादा स्क्रू हलला तर नुसता आवळू नका, काढून, साफ करून, नव्या थेंबाने लावा.

हॉर्न वाजत नाही, किंवा थांबत नाही

बहुतेक गाड्यांत हॉर्नचं बटण फक्त अर्थ (गाडीच्या बॉडीमार्गे बॅटरीच्या निगेटिव्हची जोड) जोडतं. आपोआप वाजणारा हॉर्न म्हणजे तारेचं उघडं टोक बॉसला टेकलंय. वाजत नसेल तर हॉर्नची तार क्षणभर बॉडीच्या उघड्या धातूला लावा. वाजला तर तार आणि रिले ठीक, दोष चाकाच्या बाजूला. तिथला नेहमीचा गुन्हेगार म्हणजे रंगीत अॅनोडायझिंग (अॅल्युमिनियमवर चढवलेला रंगीत थर). त्या थरातून वीज जात नाही, त्यामुळे छान निळी कॉलर अर्थ तोडते. कॉलममध्ये रबरी कपलिंग असेल तर दांडाही अर्थ झालेला नसतो. दोन्हींना इलाज एकच: स्वतंत्र अर्थची तार. पावसाळ्यात संपर्काच्या पितळी पिनांवर हिरवा कळंक चढतो, तो खोडरबराने निघतो. इंडिकेटर वळणानंतर परत येत नसेल तर बॉसच्या मागचा कॅन्सल करणारा खुंट जागेवर नाही.

चाक छातीवर येतं

बॉस आणि क्विक-रिलीज मिळून चाक सहज ८-१० सेंटिमीटर पुढे येतं. छातीच्या हाडापासून चाकाच्या मध्यापर्यंत किमान २५ सेंटिमीटर राहिले पाहिजेत. पाठ सीटला टेकवून मनगट चाकाच्या वरच्या कडेवर ठेवून बघा. कोपर फार वाकत असेल तर आखूड बॉस घ्या. वायपरची दांडी तेवढीच लांब जाते. आंबोलीच्या पावसात हात चाकावरून उचलून ती शोधावी लागली तर बसवणी चुकली.

प्ले, म्हणजे ढिलेपणा, कुठून येतोय?

३५० मिमीच्या चाकावर एक अंशाचा प्ले कडेला जेमतेम ३ मिमी दिसतो, पण हाताला लगेच कळतो. चारही सांध्यांवरून पेनाने एक सरळ रेघ ओढा, पुढची चाकं जमिनीवर घट्ट ठेवून स्टेअरिंग हलवा, आणि रेघ कुठे तुटते ते दुसऱ्याला बघायला सांगा. बॉसच्या खाली तुटली तर दाते किंवा नट, फ्लँजवर (स्क्रूंची भोकं असलेल्या चकतीवर) तुटली तर स्क्रू, कॉलरपाशी तुटली तर क्विक-रिलीजच झिजलंय. झिजलेल्यात पातळ पत्रा घालून ते घट्ट करणारे महाभागही आहेत. करू नका.

मीठ, वाळू, जांभ्याची धूळ

गोळ्यांना जाड ग्रीस थापणं ही किनारपट्टीवरची हमखास चूक. त्यात समुद्राची वाळू आणि जांभ्याची लाल धूळ अडकून घासायची पेस्ट तयार होते. सिलिकॉन वंगणाचा पातळ हात पुरे. नुसती डब्ल्यूडी-फॉर्टी मारून सोडू नका, ती आहे ते वंगण धुऊन नेते. चाक काढून ठेवलंत तर खालच्या भागावर टोपी घाला, निदान प्लॅस्टिकची पिशवी बांधा.

दर वेळी गाडी सुरू करण्याआधी चाक बसवून दोन्ही हातांनी जोरात स्वतःकडे ओढा, मग डावी-उजवीकडे हलवा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा चाक उतरवून कॉलर ओढून सोडा. ती झटकन जागेवर आली पाहिजे. रेंगाळली तर रॉकेलने धुवा, पूर्ण वाळवा, परत बघा. तरीही रेंगाळत असेल तर स्प्रिंग गेली; दोन्ही भागांचा नवा संचच घ्या, जुना अर्धा आणि नवा अर्धा जुळवू नका.