लिनक्सवर आवाज वाढवूनही स्पीकर गप्प असल्यास

डेस्कटॉपच्या पट्टीवर आवाज १०० टक्के दिसत असूनही काहीच ऐकू येत नसेल, तर पल्सऑडिओ किंवा पाइपवायर (अ‍ॅप्सचा आवाज हाताळणारे प्रोग्रॅम) पुन्हा बसवण्याचा खटाटोप करण्यापूर्वी त्यांच्याखालचा अल्साचा थर, म्हणजे साउंड कार्डाशी थेट बोलणारा लिनक्सचा भाग, तपासावा. टर्मिनलमध्ये ‘अल्सामिक्सर’ (alsamixer) ही आज्ञा देऊन एफ६ कळीने प्रत्यक्ष साउंड कार्ड निवडावे, कारण सुरुवातीच्या ‘डीफॉल्ट’ कार्डावर बहुधा मास्टरची एकच पट्टी असते आणि खरा दोष तिथे दिसतच नाही. मास्टर, स्पीकर किंवा हेडफोन यांपैकी ज्या पट्टीखाली ‘एमएम’ (MM, म्हणजे आवाज बंद) दिसेल, तिच्यावर बाणाच्या कळीने जाऊन ‘एम’ दाबावे व गरजेप्रमाणे पातळी वाढवावी. हे करताना हेडफोन कानाला मुळीच लावू नयेत; डेस्कटॉपची पट्टी १०० टक्क्यांवरच असल्याने आवाज एकदम कानठळ्या बसवतो.