फजी कंट्रोलर: सॉल्व्हर ‘हो’ म्हणाला म्हणून पेढे वाटू नका

दरवर्षी फजी कंट्रोलरचे, म्हणजे अनेक नियमांची मिसळ करून यंत्राला हुकूम देणाऱ्या कंट्रोलरचे, प्रोजेक्ट जमा करायचे दिवस आले की पोरांचे फोन सुरू होतात. “सर, सिम्युलेशन मस्त चालतंय, पण हार्डवेअर नाचतंय.” मी विचारतो, गेन किती आलाय? पलीकडे शांतता. गेन, म्हणजे चुकीला किती पटीने प्रत्युत्तर द्यायचं तो आकडा, बघितलेलाच नसतो. अटी सोडवणाऱ्या सॉल्व्हर प्रोग्रामने ‘फीजिबल’ (उत्तर आहे) लिहिलं, आलेख शून्यावर टेकला, की यांचं काम झालं.

या कंट्रोलरच्या मुळाशी असलेलं ताकागी-सुगेनो मॉडेल १९८५ चं. वाकड्यातिकड्या प्रणालीचे काही सरळ तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याला एक नियम द्यायचा, आणि या क्षणी आपण कुठे आहोत ते बघून त्या तुकड्यांची मिसळ करायची. कंट्रोलरही तसाच: प्रत्येक नियमाचा आपला गेन, त्याच प्रमाणात मिसळलेला. घोळ होतो तो या मिसळीत.

सगळ्यात जास्त दिसणारी आणि मला सगळ्यात जास्त छळणारी चूक ही, की प्रत्येक नियमाचा कंट्रोलर वेगवेगळा बसवायचा, प्रत्येक स्थिर आहे हे बघायचं आणि सगळं मिळून स्थिरच असणार असं गृहीत धरायचं. दोन चांगली माणसं एकत्र आली म्हणून संसार चांगला होतोच असं नाही. खोटं वाटत असेल तर कागद घ्या. पहिल्या नियमाच्या मॅट्रिक्सच्या ओळी -१, ४ आणि ०, -१. दुसरीच्या -१, ० आणि ४, -१. दोन्हींच्या आयगेन व्हॅल्यू (इथे उणे असल्या तर हालचाल विरते, अधिक असल्या तर वाढत जाते) -१, -१, म्हणजे दोन्ही अगदी शहाण्या. आता निम्मी-निम्मी मिसळा: ओळी होतात -१, २ आणि २, -१. हिच्या आयगेन व्हॅल्यू १ आणि -३. तो १ तुमचा घात करणार. दोन्ही चलं सारखी ठेवून सुरुवात केलीत, तर तीन सेकंदांत ती साधारण २० पट होतात.

म्हणून सगळ्या नियमांना मिळून एकच ल्यापुनोव्ह फलन, म्हणजे ऊर्जेसारखं सतत घटत जाणारं माप, शोधायचं; त्यासाठी सगळ्यांना चालेल असा एक पी मॅट्रिक्स. आणि आडव्या जोड्या विसरायच्या नाहीत: पहिल्या नियमाचं मॉडेल, पण गेन दुसऱ्याचा. तीन नियम असतील तर तीन स्वतःच्या आणि तीन जोड्यांच्या अशा सहा अटी होतात. पोरं पहिल्या तीन लिहितात आणि चहाला जातात.

असा पी सापडला नाही म्हणजे प्रणाली अस्थिर, असंही नाही. ती अट पुरेशी आहे, आवश्यक नाही. सापडला तरी मी त्याच्या आयगेन व्हॅल्यू छापून बघतो; पीच्या मात्र शून्याहून मोठ्या हव्यात. सॉल्व्हरला ‘शून्याहून मोठा’ आणि ‘शून्याइतका’ यातला फरक नीट कळत नाही. सगळे आकडे १० चा उणे नववा घात अशा पातळीवर दिसले, तर ते उत्तर नव्हे, पळवाट आहे. मी पी किमान एकक मॅट्रिक्सएवढा असावा अशी अट आधीच घालून टाकतो.

आता उलट्या लंबकाची गोष्ट. गाडीवर दांडा उभा ठेवायचा, नेहमीचाच प्रोजेक्ट. मोटर गाडीला फार तर ८ न्यूटन ढकलू शकत होती. पोरांनी ‘उत्तर लवकर शून्यावर यावं’ म्हणून घटीचा वेग (चूक किती झपाट्याने विरावी तो आकडा) ५ मागितला. सॉल्व्हर बिचारा आज्ञाधारक, त्याने दिला. कोनाचा गेन आला ३४० न्यूटन प्रति रेडियन. म्हणजे दांडा ५ अंश झुकला की गाडीकडे जवळपास ३० न्यूटनची मागणी. पण खरी मजा दांड्याच्या वेगाच्या गेनमध्ये होती, तो होता ६०. एन्कोडर, म्हणजे कोन मोजणारा सेन्सर, ६०० पल्सचा, चौपट मोजणीने २४०० पायऱ्या, म्हणजे एक पायरी ०.१५ अंशाची. सॅम्पलिंग, म्हणजे दोन मोजण्यांमधला वेळ, १ मिलिसेकंदाचं आणि कोनाची नुसती वजाबाकी करून वेग काढलेला. दांडा एक पायरी सरकला की कंट्रोलरला वाटायचं, वेग सेकंदाला १५० अंश! म्हणजे सुमारे २.६ रेडियन. गुणिले ६०, झाले १५७ न्यूटन. मोटर या टोकाला पूर्ण, त्या टोकाला पूर्ण, खर्रर्र आवाज, आणि दुसऱ्या मिनिटाला पट्टा पुलीवरून उतरला. पोरांचं निदान काय? “मोटर फॉल्टी आहे.”

मोटर ठीक होती. घटीचा वेग १.५ वर आणला, इनपुटवर मर्यादा घालणारी अट एलएमआयमध्येच (सॉल्व्हरला दिलेल्या मॅट्रिक्स-असमतांमध्ये) टाकली, सॅम्पलिंग ५ मिलिसेकंद केलं, वेगाला साधा फिल्टर लावला. कोनाचा गेन ९० च्या आसपास आला, वेगाचा ९. आलेख पहिल्यासारखा देखणा राहिला नाही. दांडा उभा राहिला.

‘रोबस्ट’, म्हणजे राशी थोड्या बदलल्या तरी टिकणारा, या शब्दाचेही असेच हाल. आधी सगळ्या राशींना ३० टक्के अनिश्चितता लावतात. उत्तर येत नाही, मग २०, मग १०, मग ५ वर उत्तर येतं आणि रिपोर्टमध्ये ‘रोबस्ट’ छापतात. उत्तर यावं म्हणून प्रश्न लहान करायची ही रीत. अहो, दांडा वजनकाट्यावर ठेवा ना! वस्तुमानात मिळून एक टक्का फरक निघेल. घर्षण मात्र ताणकाट्याने ओढून बघा, एकदा गार असताना, एकदा तासभर चालवल्यावर. अनिश्चितता तिथे द्या.

उलट्या लंबकात नियम ९० अंशाला ठेवू नका. तिथे कोसाइन शून्य, म्हणजे गाडी ढकलून दांड्यावर काही परिणामच होत नाही. लंबकाच्या १९९६ च्या प्रसिद्ध उदाहरणात दुसऱ्या नियमात कोसाइन ८८ अंशाचा घेतलाय, तो उगीच नाही.

समतोलापासून दूरच्या बिंदूवर टेलर श्रेणीने प्रणाली सरळ केलीत तर एक स्थिर पद उरतं. ते गपचूप खोडू नका.

नियम कोणता लागू हे ज्या राशीवर ठरतं, तीच मोजलेली नसून ऑब्झर्व्हरने (न मोजलेल्या राशींचा अंदाज बांधणाऱ्या गणिताने) अंदाजलेली असेल, तर ऑब्झर्व्हर आणि कंट्रोलर वेगवेगळे बसवून जोडायची सोय संपली. पुन्हा सगळं एकत्र तपासा.

अंश की रेडियन? हसू नका. मी स्वतः एक आख्खी दुपार यात घालवली आहे.

आणि मोटरला वीज देण्याआधी दांडा हाताने पाच अंश झुकवून पडद्यावरच्या आकड्याचं चिन्ह बघा. दांडा ज्या बाजूला पडतोय, त्याच बाजूला गाडी धावायला हवी. तारा उलट्या असतील तर तुमचा पी कितीही सुंदर असो, गाडी थेट टोकाच्या ठोकळ्यावर जाते. माझ्या टेबलावर तसा एक फुटलेला ठोकळा आहे, पेपरवेट म्हणून.